अर्धवट आवळलेला नट

हा अंक काढणारे संपादक शाळेत असताना माझ्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल न्यायचे, आणि परत आणल्यावर दुकानाचं घड्याळ पुढे आहे म्हणून दर वेळी भांडायचे. मे महिन्यात ते घरी आले. म्हणाले, उमरभाई, चाळीस वर्षं दुकान चालवलंत, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा, दिवाळीला लोकांना जरा हसू द्या. मी होकार दिला. लिहायला बसलो तर गमती दोन पानांत संपल्या. पुढे जे राहिलं ते हसण्याजोगं नव्हतं, पण ते टाळून दुकानाबद्दल काही लिहिणं मला जमेना. संपादकांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, जे असेल ते द्या.

काम मी पेणला शिकलो. नववीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा अब्बांनी मला तिथल्या एका उस्तादांच्या हाताखाली ठेवलं. पेणच्या खाडीकडे मिठागरं आहेत आणि मिठागरावरच्या माणसांच्या सायकली म्हणजे वेगळंच दुखणं. खारं पाणी लोखंडात असं शिरतं की नट आणि बोल्ट एकजीव होतात. पाना लावून जोर केला तर नट फिरत नाही, तुटतो. त्यावर रॉकेल सोडून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी हातोडीने हलकेच ठोकायचं, मग तो जागा सोडतो. हे मी तिथं शिकलो. उस्ताद बोलायला गोड होते, पण एका बाबतीत फार कडक. हातातला नट पुरता आवळल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. कुणी हाक मारो, अजान होवो, समोरून मय्यत जावो. आधी नट, मग दुनिया.

रोह्यात अष्टमीच्या पुलाजवळ मी स्वतःचं दुकान टाकलं ते धाटावच्या कंपन्यांच्या भरवशावर. माझे दोन्ही भाऊ कुवेतला गेले. मीही एकदा पासपोर्ट काढला होता, पण दुकान इतकं जोरात होतं की तो तसाच पेटीत राहिला. शिफ्ट सुटली की पुलावरून नुसत्या सायकलीच सायकली यायच्या. सायकल पाहून मी माणूस ओळखायचो. अ‍ॅसिडच्या प्लँटवरच्या माणसाची चेन इतरांपेक्षा लवकर लाल पडते. दोन मुलं पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणाऱ्याच्या हँडलमधले छर्रे, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्या, आधी झिजतात. एका अंगाने बसायची सवय असेल तर सीटची एकच स्प्रिंग दबते, आणि त्या माणसाची कंबर दुखते का असं विचारलं की तो चकित होऊन म्हणतो, तुम्हाला कसं कळलं.

तहसील कचेरीत एक कारकून होते. त्यांनी नवी कोरी सायकल आणली आणि घंटी काढून द्या म्हणाले. का, तर घंटी वाजवली की लोक वळून आपल्याकडे बघतात. पुढे माणूस आला की ते खाली उतरत आणि त्याच्या मागून सायकल हातात धरून चालत. बाजारपेठेतून घरी जायला त्यांना पायी जाणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागे. ते रिटायर झाले त्या दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, आता घंटी लावा. मी माझ्याकडची सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटी लावली. पुलापर्यंत ते ती वाजवत गेले.

मग मोटारसायकली आल्या. कंपन्यांनी बसगाड्या सुरू केल्या. पुलावरच्या सायकली कधी संपल्या ते सांगता येणार नाही, कारण त्या एका दिवशी संपल्या नाहीत. भाड्याच्या बारा सायकली मी भंगारात घातल्या. दिवसाला दोन पंक्चर, एखादी लहान मुलाची तीनचाकी, एवढंच काम राहिलं. भाऊ फोनवर म्हणायचा, शटर ओढ आणि घरी बस. बायको झुबेदाही तेच म्हणायची, फक्त हळू आवाजात. मी रोज सकाळी दुकान उघडायचो, कारण उघडलं नाही तर करायचं काय हे मला माहीत नव्हतं.

अशा दिवसांत कदम सर एक गिअरची सायकल घेऊन आले. ते हायस्कूलमधून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी त्यांना रोज सायकल चालवायला सांगितलं होतं. त्यांचं बघून आणखी दोघं आले, मग एक बँकेतले, मग एक किराणावाले. दर रविवारी पहाटे निघून कोलाडला, कधी हायवेला लागून खांबपर्यंत जायचं, चहा प्यायचा, ऊन चढायच्या आत परतायचं. त्यांनी गटाचं बनियन छापून घेतलं आणि पाठीवर माझ्या दुकानाचं नाव घातलं. मी जुन्या स्कूटरवर पाने, ट्यूबा आणि पंप घेऊन मागून जाऊ लागलो. साठीला टेकलेल्या माणसाला दुकान पुन्हा मिळालं होतं. त्या दिवसांत मी फार खुशीत असायचो, आणि लोकांना ते दिसायचं.

रंजना सिस्टर या गटात आल्या त्या माझ्यामुळे. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या, वय चव्वेचाळीस. त्यांचा नवरा दिलीप धाटावला एका कंपनीत बॉयलरवर होता आणि मोटारसायकल घेईपर्यंतची सगळी वर्षं माझं गिऱ्हाईक होता. एका संध्याकाळी सिस्टर ड्युटीवरून येताना दुकानापाशी थांबल्या. रविवारी त्या लोकांना जाताना बघते, म्हणाल्या, मला पण यायचंय, पण मला सायकल येत नाय. लहानपणी कुणी शिकवलीच नाय.

मी म्हटलं, शिकवतो, पंधरा दिवसांत येईल.

त्या म्हणाल्या, या वयात लोक हसतील. मी म्हटलं, हसू द्या. चार दिवसांनी त्या परत आल्या, पण हो की नाही ते ठरत नव्हतं. मग मीच दिलीपला गाठून त्याच्याकडून त्यांना सांगायला लावलं. हे मुद्दाम लिहितोय. त्या आपणहून पुढे आल्या नव्हत्या, मी त्यांना ओढलं होतं.

नदीकाठच्या मैदानात पहाटे शिकवणी सुरू झाली. मी मागून कॅरियर धरून धावायचो. तिसऱ्या दिवशी त्या पडल्या, कोपर सोलवटलं. उठून म्हणाल्या, दुसऱ्यांच्या जखमा धुता धुता वीस वर्षं झाली, आज स्वतःची मिळाली. तेराव्या दिवशी त्यांनी मैदानाला एकटीने फेरी मारली. दिलीप पाहायला आला होता. तो नुसता टाळ्या वाजवत राहिला.

मी त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. उतारावर पुढचा ब्रेक कधी दाबायचा नाही. पुढचं चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस हँडलवरून फेकला जातो. मागचाच दाबायचा. खरं तर दोन्ही मिळून बेतानं दाबायचे असतात, पण नवशिक्या माणसाला एवढं जमत नाही म्हणून आम्ही असं सोपं करून सांगतो. पुढे सराव झाल्यावर बाकीचं शिकवायचं असतं. ते माझ्याकडून राहून गेलं. सिस्टरांनी माझा शब्द औषधाच्या चिठ्ठीसारखा पाळला. पुढच्या ब्रेकला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

वर्षभर त्या प्रत्येक रविवारी आल्या. त्यांच्यामागून दवाखान्यातल्या आणखी दोघी आल्या. सेकंडहँड गिअरची सायकल मीच त्यांना बघून दिली. दवाखान्यातही त्या सायकलनेच जायच्या. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया त्यांना अडवून विचारायच्या, सिस्टर, पडत कशी नाय गो तू.

थंडीत कदम सरांनी मोठा बेत काढला. रोह्याहून भिसे खिंड चढून नागोठण्याला उतरायचं, गडबला चहा, तिथून पेण, आणि पेणच्या पुढे जोह्याला जाऊन गणपतीचे कारखाने बघायचे. परतताना सायकली टेम्पोत टाकायच्या. आदल्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांनी सायकली तपासायला माझ्याकडे आणल्या. दहा सायकली दुकानासमोर उभ्या होत्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं कामाचं सांगतो. सायकलीचा ब्रेक एका बारीक तारेने ओढला जातो. तिला आम्ही वायर म्हणतो. वायरचं एक टोक हँडलच्या मुठीपाशी असतं आणि दुसरं चाकापाशी एका छोट्या नटाखाली दाबून बसवलेलं असतं. सगळा भार त्या नटावर. तो पुरता आवळला की वायर चेपते, तिच्यावर दातासारखी खूण उमटते, आणि मग कितीही जोर लावा, ती सरकत नाही. अर्धवट आवळला तर फसवतो. ब्रेक हलका दाबला तर लागतो. दहा वेळा लागेल. जीव खाऊन दाबला की वायर नटाखालून सरकते आणि मूठ रिकामी होते.

सिस्टरांच्या मागच्या ब्रेकची वायर उसवायला लागली होती. मी नवी घातली, ओढून धरली, नट बोटाने फिरवला, पाना लावला आणि अर्धा फेरा दिला. तेवढ्यात एका स्थानिक पेपरचे बातमीदार आले. त्यांना सायकलवाल्यांच्या गटाची बातमी करायची होती आणि माझा फोटो हवा होता. कदम सर म्हणाले, उठा उमरभाई, तुमच्यामुळे तर हे सगळं चाललंय. मी उठलो. हात पुसले, केस सारखे केले. त्यांनी मला पाना हातात घेऊन दहा सायकलींसमोर उभं केलं. दोन-तीन फोटो झाले, मग प्रश्न झाले. मी बराच वेळ बोललो. उस्तादांबद्दलही बोललो. परत खाली बसलो तो पुढच्या सायकलीपाशी.

रविवारी सहाला आम्ही निघालो. खिंडीच्या माथ्यावर सगळे थांबले, पाणी प्यायले. सिस्टरांचा चेहरा लाल झाला होता. चढ एकदाही न उतरता चढले, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मग एकेक जण नागोठण्याच्या बाजूने उतरू लागला. त्या चौथ्या होत्या. मी माथ्यावर दवाखान्यातल्या दोघींपैकी एकीच्या चाकात हवा भरत होतो. खालून हॉर्नचा लांब आवाज आला, मग काहीच नाही, मग कुणीतरी ओरडलं.

स्कूटर घेऊन खाली गेलो. वळणावर डंपर उभा होता. सिस्टर रस्त्याच्या कडेला होत्या आणि कदम सर त्यांच्याजवळ मांडी घालून बसले होते. सरांच्या बसण्यावरूनच मला कळलं की आता घाई करण्यासारखं काही राहिलेलं नाही.

डंपरचा ड्रायव्हर, तिशीचा असेल, दाराला धरून उभा होता. तो एकच वाक्य बोलत होता. बाई थांबलीच नाय, वळणावर सरळ माझ्या अंगावर आली. तोवर इतर गाड्या थांबल्या होत्या. डंपरवाले सगळे असंच बोलतात, असं म्हणत दोघा-तिघांनी त्याला धरलं आणि मारायला सुरुवात केली. त्याने हात वर केले नाहीत.

सायकल गवतात पडली होती. मी तिच्याकडे का गेलो? दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून असेल. पुढचं चाक वाकलं होतं. मागचा ब्रेक पाहिला. वायर नटाखालून सुटून लोंबत होती. तिचं टोक मी बोटांत धरलं. ते गुळगुळीत होतं. चेपल्याची खूण नव्हती. धडकेने वायर ओढली जाते, पण मग ती फाटते, तिचे धागे उलगडतात. ही शाबूत होती. त्या क्षणी मला शनिवारची दुपार पूर्ण आठवली, पान्याच्या अर्ध्या फेऱ्यासकट.

खिशात पाना होता. मी वायर परत नटाखाली सरकवली, ओढली आणि नट आवळला. पुरता आवळला. फार तर पंधरा सेकंद लागली असतील. सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडे होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

हे मी ठरवून केलं का, असं मला पुढे एकाने विचारलं. ठरवलं नव्हतं. पण हात चुकून गेला असंही म्हणता येणार नाही. सायकल खाली ठेवताना मी आजूबाजूला बघून घेतलं होतं.

पोलीस आले. हवालदाराने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि कागदावर लिहिलं की ब्रेक चालू स्थितीत आहेत. सायकलीची माहिती असलेला माणूस म्हणून त्या कागदावर माझी सही घेतली. ड्रायव्हरला गाडीत घालून नेलं. त्याचं नाव संतोष, गाव खांब, हे मला तेव्हा कळलं. सोमवारच्या पेपरात दोन बातम्या होत्या. एक अपघाताची, आणि आतल्या पानावर आमच्या गटाची, माझ्या फोटोसकट. ती आधीच छापायला गेली होती.

दफन असो की दहन, आपल्याकडे शेजारी जातोच. मी गेलो. दिलीपने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, तुम्ही तिला किती आनंद दिलात. मी तिथं उभा होतो.

गट त्या दिवशीच संपला. कदम सरांनी सायकल विकली. बनियनं कुणी कधी घातली नाहीत. मी मात्र दुकान उघडत राहिलो आणि माझ्या हातांना एक खोड लागली. नट आवळला की पुन्हा आवळायचा, घरी निघताना परत येऊन पुन्हा एकदा. जास्त आवळलं की आटे झिजतात, बोल्ट तुटतो. लोकांच्या चांगल्या सायकली मी बिघडवू लागलो. एका बाईंनी मुलाची सायकल अर्ध्या कामातून उचलून नेली. त्यांचं बरोबर होतं.

आठेक महिन्यांनी दुपारी एक माणूस दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं. संतोष जामिनावर सुटला होता. अंगाने निम्मा झाला होता. त्याचं लायसन गेलं होतं, डंपरच्या मालकाने काढून टाकलं होतं. मला वाटलं, तो भांडायला आलाय. तो समोरच्या फळीवर बसला आणि हळू आवाजात बोलला.

"चाचा, तुम्ही तिथं होता. सायकलीतलं तुम्हाला कळतं. एकच सांगा. त्या बाईनं ब्रेक का नाय मारला?"

मी मागच्या चाकाचं फ्रीव्हील साफ करत होतो. हात थांबवला नाही.

"घाबरल्या असतील," मी म्हटलं.

तो मान हलवून उठला. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. त्याला पुलाच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो. हाक मारायला एवढा वेळ मिळाला होता.

त्या वर्षाच्या शेवटी मी शटर ओढलं ते कायमचं. लोकांना वाटलं, धंदा नाही म्हणून. घरात बसून राहिलो. दिलीपकडे मात्र महिन्यातून एकदा जायचो. त्याची मुलगी मुंबईला नर्सिंग शिकते, घरी तो एकटा. जाताना दर वेळी ठरवायचो की आज सांगू, आणि कोर्टाच्या तारखा, भाताचं पीकपाणी बोलून परत यायचो. दोन वर्षं अशी गेली. आजारी पडलो, हृदयाचं काही निघालं. दवाखान्यातून आल्यावर झुबेदाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे मला कशाला सांगता, ज्याचं आहे त्याला सांगा.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी दिलीपकडे गेलो. त्याने चहा ठेवला. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐक. बसल्या बसल्या सगळं सांगितलं, नट, फोटो, गवतातली पंधरा सेकंदं. सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही. तो ओरडेल, मारेल, असं मनाशी धरून गेलो होतो. त्याने उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसला.

"त्या दिवशी निघताना दारात तिनं ब्रेक दाबून बघितला होता," तो म्हणाला. "मला म्हणाली, जरा पोकळ लागतोय काय, बघा ना. मी बघितला नाय. मी म्हटलं, उमरभाईंच्या हातचा हाय, नवी वायर हाय, बसेल हळूहळू. जा तू."

तो पुढे म्हणाला, हवालदाराने ब्रेक चांगले होते असं लिहिल्यावर त्याला वाटलं होतं, आपण सुटलो, ब्रेकचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून तो तेवढ्या एका ओळीवर झोपत होता. आज मी ती ओळ काढून घेतली.

मी म्हटलं, चूक माझी, तुझी नाही. हे बोलायला सोपं होतं. माझ्या हातचं काम म्हणून त्याने बघितलं नाही. चाळीस वर्षं मी जे नाव कमावलं, त्या नावावर विसंबून सिस्टर खिंडीत गेल्या.

"तुमच्यावर राग काढायला पायजे," दिलीप म्हणाला. "निघत नाय. संतोषला जाऊन सांगा. पोरंबाळं हायेत त्याला. आणि उमरभाई, यापुढं इथं येऊ नका. तुम्ही दिसलात की मला ते दार दिसतं."

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. जुनी सवय. फाटकाची कडी त्यानेच आतून लावली.

त्याच आठवड्यात मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. साहेबांनी दोनदा विचारलं की मी शुद्धीवर आहे ना. भावाच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, पुरावा बदलल्याचा गुन्हा तुमच्यावर होईल, या वयात कशाला. होईल तर होऊ दे. अजून बोलावणं आलेलं नाही. कोर्टाची तारीख पुढे गेली आहे. डंपरच्या विमा कंपनीकडचं दिलीपचं नुकसानभरपाईचं प्रकरणही माझ्या जबाबामुळे अडकलंय असं ऐकतो. म्हणजे खरं बोलून मी पुन्हा त्याच घराचं नुकसान केलं. खोटं बोलत होतो तेव्हा निदान तेवढं झालं नव्हतं.

जबाब दिल्यावर खांबला गेलो. हायवेपासून आत, शेताच्या कडेला संतोषचं घर आहे. तो आता दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जातो. गाडीत बसत नाही, कुणाच्या मोटारसायकलीवर मागेसुद्धा बसत नाही, कुठेही चालतच जातो, असं त्याच्या वडिलांनी मला रस्त्यात सांगितलं. तो पडवीत दोरी वळत बसला होता. मी खाली बसलो आणि दिलीपला सांगितलं तसं सगळं त्याला सांगितलं. केस सुटेल तुझी, म्हटलं, मी तसं लिहून दिलंय.

दोरी हातातून सोडून त्याने विचारलं, "म्हणजे ती ब्रेक दाबत होती?"

"व्हय," मी म्हटलं. "शेवटपर्यंत दाबत होत्या."

"ती माझ्याकडंच बघत होती, चाचा. एकदम डोळ्यांत. मला वाटलं, तिला मरायचं होतं आणि तिनं मला निवडला. घरात मी सगळ्यांना तेच सांगत आलो. वकील पण कोर्टात तेच बोलला."

आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिच्याकडे वळला. "थांबायला बघत होती गो ती," तो म्हणाला. "मला बघून थांबायला बघत होती."

मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या बायकोने तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि ती आत गेली. मी किती वेळ तिथं होतो, ते आठवत नाही. उठावं की बसावं ते मला कळेना. मला कुणी जा म्हणालं नाही, आणि कुणी बस म्हणालं नाही.